सराव-रुग्ण म्हणून मुलांना बोलावण्याआधी : पुण्यातील वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता, प्राचार्य आणि बालरोग विभागप्रमुख,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील वैद्यकीय, परिचर्या आणि भौतिकोपचार महाविद्यालये

विषय : लहान आणि किशोरवयीन मुलांना सराव-रुग्ण म्हणून प्रशिक्षणात सामील करून घेण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

पुण्याच्या पेठांमध्ये मी अनेक वर्षे मुलांचे नाट्यवर्ग आणि सुट्टीतील शिबिरे घेत आले आहे. अलीकडे माझ्याकडे महाविद्यालयांच्या स्किल लॅबमधून, म्हणजे विद्यार्थी रुग्णतपासणीचा सराव करतात त्या प्रयोगशाळांमधून, विचारणा होऊ लागली आहे, की आजारी मुलाची भूमिका करतील अशी काही मुले आपल्या वर्गातून मिळतील का. ही कल्पना मला मनापासून पटते. तरीही मी अजून एकही मूल पाठवलेले नाही. त्याची कारणे प्रत्येकाला फोनवर वेगवेगळी सांगण्यापेक्षा एकदाच जाहीरपणे मांडावीत आणि कोणत्या व्यवस्थेत मी मुले आनंदाने पाठवेन तेही सांगावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

खऱ्या रुग्णाच्या जागी शिकवून तयार केलेली निरोगी व्यक्ती बसवण्याची पद्धत साठ वर्षांहून जुनी आहे. 1963 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी तिचा पाया घातला आणि 1975 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या, आपले विद्यार्थी ज्याला 'ऑस्की' म्हणतात त्या, ठरावीक मिनिटांच्या छोट्या प्रसंगांतून प्रात्यक्षिक कौशल्ये तपासणाऱ्या परीक्षापद्धतीने तिला जगभर स्थान मिळाले. आपल्याकडे 2019 च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला, त्यासोबत स्किल लॅब आल्या आणि संवाद व वर्तनासाठी 'एटकॉम' हा स्वतंत्र भाग आला. बालरोगशास्त्राच्या अभ्यासक्रमात पौगंडावस्थेला वेगळी जागा मिळाली असून किशोरवयीन मुलाशी घर, शाळा, आवडीनिवडी, व्यसने, लैंगिकता आणि मनःस्थिती यांबद्दल क्रमाने बोलण्याची 'हेड्स' पद्धत विद्यार्थ्याला यावी, त्या मुलाची गोपनीयता त्याने जपावी, अशी अपेक्षा त्यात आहे. हे सगळे स्किल लॅबमधल्या सरावाच्या पुतळ्यावर शिकता येत नाही. श्वास थांबलेल्या बाळाला कृत्रिम श्वास कसा द्यायचा, यासाठी पुतळा उत्तम आहे; पण आईने उत्तर देण्याआधीच मान खाली घालणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला बोलते कसे करायचे, हे त्या वयाचे माणूस समोर बसल्याशिवाय कळत नाही. वर्गमित्रालाच 'तू पेशंट हो' असे सांगून केलेल्या सरावात समोरचा एकवीस वर्षांचा असतो आणि पुढचा प्रश्न कोणता येणार हे त्याला पाठ असते.

मुलांना यात ओढूच नये, असे म्हणणारे पालक आणि डॉक्टर मला भेटतात. त्यांची काळजी मला समजते, पण त्यांना एक विचारावेसे वाटते. मुलांना वैद्यकीय शिक्षणात आपण आजही वापरतोच. फक्त ती मुले खरोखर आजारी असतात. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवसांत थॅलेसेमियाने प्लीहा वाढलेला मुलगा किंवा हृदयात जन्मजात छिद्र असलेली मुलगी 'केस' म्हणून खाटेवर असते आणि एकामागून एक परीक्षार्थी त्याच पोटावर, त्याच छातीवर हात ठेवून जातात. बरोबरची आई नाही म्हणत नाही, कारण उपचार त्याच वॉर्डात चालू असतात आणि आपल्या नकाराचा परिणाम काय होईल याची तिला खात्री नसते. मुलाला तर बहुतेक वेळा विचारलेच जात नाही. निरोगी मुलांना शिकवून, सांगून-सवरून, ठरावीक वेळेपुरते बोलावणे हा या प्रथेचा भार हलका करण्याचा एक मार्ग आहे. सगळा भार त्याने जाणार नाही, कारण वाढलेली प्लीहा अभिनयाने दाखवता येत नाही. पण आजाराचा इतिहास विचारणे, मुलाशी आणि पालकाशी बोलणे, तपासणीसाठी त्याला तयार करणे एवढे तरी आजारी मुलाच्या खाटेपाशी पहिल्यांदा करून बघण्याची गरज उरणार नाही.

मात्र वॉर्डातल्या मुलाची जी अडचण आहे, तीच आपण सराव-रुग्ण मुलाच्या बाबतीत पुन्हा निर्माण केली, तर काहीच साधले नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा एवढाच आहे, की मुलाला नाही म्हणता आले पाहिजे. ते नाही म्हणाले तर त्याचे आणि त्याच्या घरच्यांचे काहीही बिघडता कामा नये. आणि ही सोय महाविद्यालयाने पहिले मूल दारात येण्याआधी करून ठेवलेली असली पाहिजे. सराव-रुग्णांच्या प्रशिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2017 मध्ये जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढ सराव-रुग्णालाही एखादी भूमिका नाकारण्याचा आणि त्रास होत असल्यास चालू प्रसंग थांबवण्याचा पर्याय दिलेला आहे. चाळीस वर्षांच्या अनुभवी नटाला जे संरक्षण आवश्यक वाटते, ते अकरा वर्षांच्या मुलीला त्याहून जास्त लागेल, हे उघड आहे.

मला आलेल्या एका फोनवर समोरच्या व्यक्तीने सांगितले, की शनिवारी सकाळी आठ-दहा चुणचुणीत मुले हवीत, नाश्त्याची सोय आहे, त्यांना फक्त पोट धरून रडायचे आहे. कोणती भूमिका, किती वेळा, कोण तपासणार, मुलाला मध्येच कंटाळा आला तर काय, यातला एकही मुद्दा त्यांच्या डोक्यात नव्हता. त्यांचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. त्यांच्या यादीत पुतळे, खाटा, सलाइनचे स्टँड होते आणि त्याच यादीत मुले होती, इतकेच.

मुले कोठून आणायची, या प्रश्नापाशीच नकाराचा पहिला कस लागतो. सर्वांत सोपी वाट म्हणजे महाविद्यालयातील कर्मचाऱ्यांना 'रविवारी पोराला घेऊन या' असे सांगणे. जो सेवक विभागप्रमुखांच्या हाताखाली काम करतो, तो त्यांना नाही कसे म्हणेल, आणि वडिलांना नाही म्हणता येत नाही हे पाहणारा मुलगा तरी काय म्हणेल? प्राध्यापकांच्या मुलांचेही तेच. फार तर तिथे दडपण इंग्रजीतून येते. दुसरी सोपी वाट म्हणजे संलग्न शाळेतील एखादा वर्ग, जिथे मुख्याध्यापकांचा होकार हाच सर्वांचा होकार धरला जातो. तिसरी वाट मला सर्वांत धोकादायक वाटते आणि ती म्हणजे बालगृहे. तिथल्या मुलांच्या वतीने अधीक्षक सही करतात, मुलांना बाहेर पडायला मिळते म्हणून ती हौसेने येतात, आणि ज्यांच्या आयुष्यात रुग्णालय, पोलीस, बालकल्याण समिती हे सगळे आधीच येऊन गेले आहे, त्यांनाच आपण पुन्हा तपासणीच्या खाटेवर झोपवतो. या तिन्ही वाटा बंद ठेवाव्यात. निवड जाहीर आवाहनातून व्हावी, महाविद्यालयाशी संबंध नसलेल्या कुटुंबांतून व्हावी, आणि पालकांच्या लेखी संमतीबरोबर मुलाची स्वतःची सहमती घ्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुलांवरील संशोधनाबाबतच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सात वर्षांपुढील मुलांची सहमती घेण्याची पद्धत सांगितली आहे. तुमचे काम संशोधन नसेल, तरी ती पद्धत उचलायला कोणाची हरकत असणार? एक भर मी घालीन : सहमती मुलाला एकट्याला बसवून विचारावी आणि विचारणारी व्यक्ती ना पालक असावी, ना विभागातील शिक्षक.

वयाबद्दल माझे मत स्पष्ट आहे आणि ते काहींना जाचक वाटेल. आठ वर्षांखालील मुलांना भूमिका देऊ नये. पाच वर्षांचे मूल नाटकात काम करते तेव्हा ते खेळत असते. त्याला पोटात दुखत असल्याचे पाचव्यांदा सांगायला लावले की त्याचा खेळ संपतो, आणि कधी कधी त्याला खरोखरच दुखू लागते. एवढ्या लहान मुलाच्या प्रसंगात पालकाची भूमिका प्रौढ नटाने करावी आणि मूल 'शेजारच्या खोलीत झोपले आहे' असे समजावे. आईला प्रश्न विचारण्याचा सराव त्यात उत्तम होतो. आठ ते बारा वयोगटातील मुले छोट्या गटांच्या वर्गात चालतील. मात्र गुण देणाऱ्या परीक्षेत त्यांना बसवू नये. दीडशे विद्यार्थ्यांची तुकडी आणि प्रत्येकी सात मिनिटे धरली तरी साडेसतरा तास होतात. चार मुले आलटून-पालटून बसवली, तरी प्रत्येकाला तीच कहाणी जवळजवळ अडतीस वेळा सांगावी लागेल. शिवाय मुले उत्तरे बदलतात. पहिल्या विद्यार्थ्याने हसून विचारले म्हणून त्याला सगळे सांगतील, दहाव्याला नुसते 'माहीत नाही' म्हणतील. आणि दहाव्याचे गुण गेले तर तक्रार कोणाविरुद्ध करणार? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परीक्षेच्या मध्यावर मूल 'आता पुरे' म्हणाले, तर परीक्षक त्याला जाऊ देणार नाहीत. त्याची समजूत काढतील, चॉकलेट देतील. जिथे नकार परवडत नाही तिथे मूल नेऊच नये.

तेरा ते सतरा या वयात मात्र या पद्धतीचा खरा लाभ आहे, आणि खरी जोखीमही तिथेच आहे. दमा असून पंप वापरायला लाजणारा मुलगा, दहावीच्या वर्षात सतत डोके दुखणारी मुलगी, पहाटे तीनपर्यंत मोबाइल बघून शाळेत झोपणारा, वजनावरून चिडवली जाणारी, इन्सुलिनचा डोस मुद्दाम चुकवणारा, अशा भूमिका या वयाची मुले विलक्षण ताकदीने करतात, कारण त्या वयाचे मौन त्यांना माहीत असते. पण आत्महत्येचे विचार, लैंगिक अत्याचार, गर्भधारणेची भीती या भूमिका मी अठरा वर्षांखालील कोणालाही देणार नाही. टोरांटोतील संशोधकांनी 2002 मध्ये नेमका हाच प्रश्न उपस्थित केला होता : आत्महत्येचा विचार किशोरवयात एकाकडून दुसऱ्याकडे पसरू शकतो, हे माहीत असताना तशी भूमिका करणाऱ्या मुलांची निवड कशी करावी? निवडीआधी मानसिक चाळणी लावणे हा त्यावरचा एक मार्ग आहे. पण चाळणी लावायची तर जे मूल तिच्यात अडकेल त्याला नुसते 'तुझी निवड झाली नाही' सांगून घरी पाठवता येणार नाही. त्याला समुपदेशकापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी तुमच्यावर येईल. ती घेण्याची तयारी नसेल, तर त्या भूमिका प्रौढांकडे द्याव्यात, हे बरे.

दुसरी अडचण अधिक घरगुती आहे आणि बाहेरच्या देशांतल्या लेखांत ती फारशी दिसत नाही. सोळा वर्षांच्या मुलीने सिगारेट ओढणाऱ्या मुलीची भूमिका खरी वाटेल अशी केली, की बाहेर बसलेले वडील घरी जाऊन विचारणार, तुला हे सगळे एवढे ठाऊक कसे? सोसायटीत कोणी चित्रफीत पाहिली, तर चर्चा आठवडाभर चालणार. नाटकात निदान रंगमंच असतो, प्रेक्षकांना माहीत असते की हे खोटे आहे. तपासणीच्या खोलीत नेपथ्य इतके खरे असते की तो भेद पुसला जातो. म्हणून पालकांसाठी वेगळी बैठक हवी आणि संहिता त्यांना आधी वाचायला मिळायला हवी.

मुलांना न द्यायच्या या भूमिकांसाठी पुण्यात प्रौढ नट मिळणार नाहीत, असे कृपया सांगू नका. ज्या शहरात पुरुषोत्तम करंडकासाठी महाविद्यालयीन मुलेमुली पावसाळाभर तालमी करतात, जिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, तिथे पंधरा वर्षांची वाटणारी एकोणीस वर्षांची अभिनेत्री शोधणे अवघड नाही. प्रौढांनी मुलांच्या भूमिका करण्याची ग्रिप्स ही बर्लिनची नाट्यपद्धत 1986 मध्ये पुण्यात रुजवली ती डॉ. मोहन आगाशे यांनी, जे मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. वैद्यक आणि बालरंगभूमी यांची या शहरात गाठ आधीच पडलेली आहे. तिचा उपयोग स्किल लॅबला अजून कोणी करून घेतलेला मला दिसत नाही.

मूल भूमिकेत जाते तसे ते बाहेरही यावे लागते, आणि हे आपोआप होत नाही. आमच्याकडे प्रयोगानंतर मुले चेहरा धुतात, कपडे बदलतात, गोल करून स्वतःचे नाव आणि आज संध्याकाळी काय करणार ते सांगतात. स्किल लॅबमध्ये याची गरज जास्त आहे, कारण तिथे टाळ्या पडत नाहीत. विद्यार्थी 'पुढचा पेशंट' म्हणून निघून जातात. भूमिकेला वेगळे नाव असावे, मुलाचे खरे नाव खोलीत कोणीही उच्चारू नये, भूमिकेची एक खूण (मनगटावरची पट्टी, टोपी, काहीही) असावी आणि ती काढली की प्रसंग संपला, हे सर्वांना ठाऊक असावे. याच खुणेला नकाराचे कामही देता येते : पट्टी काढून टेबलावर ठेवली की विद्यार्थ्याने वाक्य अर्धे सोडून थांबायचे. तालमीच्या दिवशी प्रत्येक मुलाला ती एकदा तरी विनाकारण काढायला लावावी. नाही म्हणण्याचीही तालीम लागते, कारण घरात आणि शाळेत आपण मुलांना नेमकी उलटी सवय लावलेली असते. प्रसंग संपल्यानंतर मुलाशी बोलणारी व्यक्ती विद्यार्थ्यांना गुण देणारी नसावी.

शरीराला हात लावण्याबाबत जास्त लिहीत नाही, तुम्हाला ते माझ्याहून चांगले कळते. घशात चमचा, कानात यंत्र, पोटावर खोल दाब आणि कपडे काढून करायची कोणतीही तपासणी वर्ज्य असावी. मूल आणि एकटा विद्यार्थी बंद खोलीत कधीही नसावेत. विद्यार्थ्यांचे मोबाइल बाहेर जमा करावेत. चित्रीकरण करायचेच असेल, तर 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे, हे लक्षात घेऊन ते ठरावीक मुदतीत नष्ट करावे. विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर एखाद्या मुलाचे रडणे फिरू लागले, तर ते परत बोलावता येत नाही. आणि एका शक्यतेची तयारी ठेवाच. भूमिका करता करता किंवा नंतरच्या गप्पांत एखादे मूल स्वतःबद्दल खरे काही सांगेल. ते लैंगिक अत्याचाराबद्दल असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे ऐकणाऱ्यावर बंधनकारक आहे. त्या क्षणी विद्यार्थ्याने काय करायचे, कोणाला बोलवायचे आणि मुलाजवळ कोण थांबेल, हे आधी ठरलेले असावे.

मानधनाचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. बालकामगारविषयक कायद्यात 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना दृक्श्राव्य मनोरंजनात कलाकार म्हणून काम करण्याची सवलत आहे आणि 2017 च्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांची मर्यादा, विश्रांतीशिवाय तीन तासांहून अधिक काम नाही, उत्पन्नाचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे मुदत ठेवीत, अशा अटी आहेत. वैद्यकीय प्रशिक्षण हे मनोरंजन नाही. त्यामुळे 'कलाकार आहेत' एवढे म्हणून ही सवलत आपल्याला लागू आहे असे गृहीत धरू नये. कामगार विभागाचे लेखी मत घ्यावे. तोपर्यंत चौदा वर्षांखालील मुलांना प्रवासखर्च, खाणे आणि पुस्तके द्यावीत आणि वेळ दीड तासाच्या वर जाऊ देऊ नये. किशोरवयीनांना मात्र रीतसर मानधन द्यावे, आणि मध्येच थांबलेल्या मुलाला ते पूर्ण द्यावे. अर्धे कापले तर थांबण्याचा अधिकार कागदावरच राहील.

एवढ्या अटी वाचून आपण म्हणाल, यापेक्षा मुलांशिवाय चालवलेले बरे. तसे करू नये, असे मला वाटते, कारण त्यात एक मोठी गोष्ट हातची जाईल. चौदा वर्षांची मुलगी प्रसंग संपल्यावर भावी डॉक्टरला जे सांगू शकते, ते कोणताही परीक्षक सांगू शकत नाही : तुम्ही मला विचारलेत पण उत्तरासाठी आईकडे पाहिलेत, तुम्ही स्टेथोस्कोप गार आहे हे लावल्यावर सांगितलेत, 'कोणाला सांगणार नाही' म्हणालात आणि दार उघडेच होते. परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्याला हडपसरचा मुलगा 'कसंतरी होतंय' म्हणतो तेव्हा पुढे काय विचारायचे, हेही तोच शिकवेल. सार्वजनिक रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' केंद्रे आहेत. तिथे उद्या बसणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना हे आधी ऐकायला मिळाले पाहिजे. त्यासाठी मुलांना अभिप्राय देण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण द्यावे आणि त्यांचे म्हणणे विद्यार्थ्याच्या नोंदवहीत लिहिले जावे.

माझी विनंती अशी आहे, की पुणे परिसरातील महाविद्यालयांनी मिळून एक लेखी नियमावली करावी. प्रत्येकाने वेगळी केली, तर जिथे नियम सैल तिथेच मुले सहज मिळतील. मसुदा तयार करणाऱ्या समितीत बालरोगतज्ज्ञ, परिचर्या शिक्षिका, बालमानसोपचारतज्ज्ञ आणि वकील यांच्याबरोबर चौदा ते सतरा वयाची किमान तीन मुले असावीत आणि त्यांना आक्षेप नोंदवण्याचा अधिकार असावा. तालमी, भूमिका लिहिणे आणि भूमिकेतून बाहेर येण्याच्या पद्धती यांसाठी मी आणि माझे काही सहकारी विनामूल्य वेळ देऊ. मे महिन्याच्या सुट्टीत एका छोट्या गटावर हे करून पाहता येईल. मुलांच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षांच्या काळात कोणीही फोन करू नये. नियमावली हाती येईपर्यंत माझ्या वर्गातून मुले मिळणार नाहीत, आणि शहरातील इतर नाट्यप्रशिक्षकांनाही मी तसेच सुचवले आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
बालनाट्याची एक प्रशिक्षिका,
सदाशिव पेठ, पुणे